राजाची जोडी आणि सत्तर लाख परार्ध

गौरी-गणपतीत आरत्या झाल्या, भजन आटोपलं, मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांचा दुसरा चहा झाला, की रत्नागिरी जिल्ह्यातल्या घराघरांत पडवीत चटई पडते आणि जागरणाला पत्ते निघतात. कुठे मेंढीकोट, कुठे तीनशे चार, कुठे रमी, कुठे तीन पत्ती. पोरंसोरं एका कोपऱ्यात झब्बू खेळत असतात. कॅट ज्याच्या हातात असतो तो गप्पा मारता मारता पिसत राहतो. त्याला कल्पनाही नसते, की पिसून झाल्यावर पानांचा जो क्रम लागला आहे तो बहुधा जगात आजवर कुणाच्याच हातात पडलेला नाही, आणि पुढेही कधी पडणार नाही.

ही अतिशयोक्ती नव्हे, शाळेतला गुणाकार आहे. सगळ्यांत वरचं पान ५२ पैकी कोणतंही असू शकतं. त्याखालचं उरलेल्या ५१ पैकी, मग ५०, ४९, असं करत एकापर्यंत. हे सगळे आकडे एकमेकांशी गुणले की ६८ अंकी संख्या येते. ढोबळमानाने आठावर सदुसष्ट शून्यं.

असले गुणाकार आपल्याकडे जुने आहेत. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त, म्हणजे इ.स. ११५० च्या सुमारास, अंकपाश नावाचं प्रकरण येतं. त्यात विचारलं आहे, की शंभूच्या दहा हातांत दहा आयुधं आहेत. ती हातांत अदलाबदल करून किती प्रकारांनी धरता येतील? उत्तर ३६,२८,८००. दहा आयुधांनी छत्तीस लाख मूर्ती होतात, मग बावन्न पानांचं काय होत असेल! त्याच ग्रंथात संख्यांच्या स्थानांची नावं दिली आहेत. एक, दश, शत यांपासून निघून कोटी, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य असं करत शेवटी परार्ध. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्यं. रोजच्या व्यवहारात त्याला काही काम नसतं. इथे काम मिळतं, पण एकट्याने भागत नाही. परार्धाला परार्धाने गुणा, जे आलं त्याला पुन्हा परार्धाने गुणा, आणि आणखी एकदा. त्या राक्षसी संख्येच्या ऐंशी टक्के इतके बावन्न पानांचे क्रम आहेत.

आता माणसं कामाला लावून पाहू. विश्वाचं वय १३.८ अब्ज वर्षं धरतात. सेकंदांत ते सव्वाचार परार्धांहून थोडं जास्त भरतं. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,१५,०६९ होती. समजा, तान्ह्या पोरापासून आजीपर्यंत प्रत्येकाच्या हातात एकेक कॅट दिला, आणि विश्वाच्या पहिल्या क्षणापासून आजपर्यंत प्रत्येकाने दर सेकंदाला एक नवा क्रम लावला. एवढं सगळं करून झालेले क्रम किती? सुमारे सत्तर लाख परार्ध. म्हणजे सातावर तेवीस शून्यं. समोर उभी असलेली संख्या आठावर सदुसष्ट शून्यांची. जिल्ह्याने नुसती सुरुवातसुद्धा केलेली नाही.

अर्थात कॅट नीट पिसलेला हवा. दोन गठ्ठे करून त्यांच्या कडा फरफरवत एकमेकांत मिसळायच्या, असं सात वेळा केलं की बावन्न पानं पुरेशी विस्कटतात, हे डेव्ह बायर आणि पर्सी डायकोनिस या गणितज्ञांनी १९९२ मध्ये सिद्ध केलं. आपल्याकडे पडवीत जसं वरची थोडी पानं खाली आणि खालची वर करत दोनचारदा हात फिरवतात, त्याने मागच्या डावाचे गुच्छ तसेच राहतात. मागच्या डावात पडलेली राण्यांची जोडी पुढच्या डावात शेजारी-शेजारी सापडली, तर नशिबाला नावं ठेवू नयेत, पिसणाऱ्याला ठेवावीत.

सेकंदाला एक संच

सगळा कॅट राहू द्या. हातात येणाऱ्या पानांचेच संच मोजायला घेऊ. दर सेकंदाला एक वेगळा संच मांडायचा, न थांबता, न झोपता. किती वेळ लागेल?

दोन पानांचे संच १,३२६ आहेत. ‘टेक्सस होल्डेम’ या पोकरच्या प्रकारात प्रत्येकाला सुरुवातीला दोनच पानं बंद मिळतात, तेव्हा या खेळातल्या सगळ्या सुरुवाती एवढ्याच. मांडायला २२ मिनिटं पुरतात.

तीन पानांचे, म्हणजे तीन पत्तीचे, संच २२,१००. लागणारा वेळ सहा तास आठ मिनिटं. रात्री अकराला बसलात तर पहाटे पाचनंतर उठाल. जागरणाची एक रात्र.

पाच पानांचे संच २५,९८,९६०. तीस दिवस आणि वर जवळपास दोन तास. श्रावणाच्या सुरुवातीला बसलात तर उठेस्तोवर गणपतीचा मखर बांधायची वेळ झालेली असेल.

होल्डेममध्ये हातातली दोन आणि मधे उघडी पडणारी पाच मिळून सात पानं होतात. त्यांचे संच १३,३७,८४,५६०. सव्वाचार वर्षं.

ब्रिजमध्ये तेरा पानं हातात येतात. संच ६,३५,०१,३५,५९,६००, म्हणजे साडेत्रेसष्ट हजार कोटींवर. त्याला वीस हजार वर्षांहून जास्त काळ लागेल. उक्षी, बारसू, कशेळी, देवीहसोळ इथल्या सड्यांवरची कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. अभ्यासक त्यांचा काळ बारा हजार वर्षांपर्यंत मागे नेतात. ब्रिजची सगळी पानं आज मांडून संपवायची असती, तर कातळावर पहिली रेघ उमटायच्या कितीतरी आधी बसावं लागलं असतं.

दोन पानांपासून तेरा पानांपर्यंत येताना बावीस मिनिटांची वीस हजार वर्षं झाली. आपला मेंदू मात्र बावीस मिनिटं आणि एक रात्र एवढंच धरू शकतो. तिथून पुढे तो अंदाज करतो, आणि पत्त्यांत माणूस बुडतो तो या अंदाजांमुळे. हातात अगदीच फालतू पानं आली तर कुणी फारसं हरत नाही. टाकून मोकळा होतो. घात करतात ती चांगली पानं. दिसायला बळकट आणि वागायला फसवी.

तीन पत्तीतला मधला माणूस

आधी आपल्या घरच्या खेळाकडे पाहू. तीन पानांच्या २२,१०० संचांची वाटणी अशी आहे.

ट्रेल (तिन्ही पानं एकाच किमतीची): ५२
प्युअर सिक्वेन्स (एकाच रंगाची सलग तीन पानं): ४८
साधा सिक्वेन्स (सलग, पण सगळी एका रंगाची नसलेली): ७२०
कलर (एकाच रंगाची, पण सलग नसलेली): १,०९६
जोडी: ३,७४४
यांतलं काहीच नाही: १६,४४०

पहिल्या दोन ओळी पुन्हा वाचा. ट्रेल ५२ आणि प्युअर सिक्वेन्स ४८. दुर्मीळ ते वरचं, हा पत्त्यांचा न्याय लावला तर प्युअर सिक्वेन्स ट्रेलच्या वर बसायला हवा. कसिनोतल्या तीन पानी पोकरमध्ये तो तसा बसतोही. आपल्या तीन पत्तीत मात्र ट्रेल राजा आहे, आणि चार संचांचा हा अन्याय पिढ्यान् पिढ्या बिनतक्रार चालू आहे.

दुसरा चकवा याहून महाग पडतो. तीन पानांत सिक्वेन्स कलरपेक्षा दुर्मीळ, म्हणून वरचा. पाच पानांत गणित उलटतं. तिथे साधे सिक्वेन्स १०,२०० होतात आणि कलर फक्त ५,१०८. म्हणून पोकरमध्ये कलर सिक्वेन्सला मारतो. तीन पत्तीत मुरलेला माणूस पोकरला बसला, की पहिला झटका त्याला बहुधा इथेच बसतो. गंमत म्हणजे तीन पत्तीतल्या जोड्या ३,७४४ आणि पाच पानी पोकरमधले ‘फुल हाउस’, म्हणजे तीन एका किमतीची आणि दोन दुसऱ्या किमतीची पानं, तेही बरोबर ३,७४४. दोन्हीकडे गुणाकार एकच निघतो.

आता सगळ्यांत कामाचा आकडा. २२,१०० संच वरपासून खालपर्यंत उतरत्या क्रमाने एका रांगेत उभे केले, तर बरोबर मध्यावर कोण उभा असेल? बहुतेक जण ‘एखादी लहानशी जोडी’ म्हणतात. मध्यावर उभे असतात राजा, दश्शी आणि दुर्री, वेगवेगळ्या रंगांचे. ज्या पानांकडे बघून आपण तोंड वाकडं करतो, तीच तीन पत्तीतली सरासरी पानं. जोडी किंवा त्याहून चांगलं काही मिळण्याचं प्रमाण साधारण चारात एक आहे.

यातून पहिला धडा मिळतो. समोर एकटाच खेळाडू असेल आणि तो ब्लाइंड, म्हणजे पानं न बघता, चालत असेल, तर त्याची पानं म्हणजे त्या रांगेतली कोणतीही एक जागा. त्याच्यासमोर नुसता एक्का, अगदी एक्का-चौका-दुर्री असला भिकार एक्कासुद्धा, शंभरात सत्तावन्न वेळा जिंकतो. तिथे घाबरून पॅक करणं, म्हणजे पानं टाकून देणं, चूक.

राजाची जोडी

दुसरा धडा मात्र उलट्या बाजूचा आहे. हातात राजाची जोडी आली आहे. मनात उकळ्या फुटतात. रांगेत या जोडीच्या वर फक्त ट्रेल, सिक्वेन्स, कलर, एक्क्यांची जोडी आणि जरा वरचं तिसरं पान असलेली राजाचीच जोडी उभी असते. सगळी मिळून दहात एक. म्हणजे समोर एकच माणूस असेल तर जिंकण्याची शक्यता नव्वद टक्के.

गणपतीच्या चटईवर एकच माणूस कधी असतो? समोर चौघे असतील आणि सगळे शेवटपर्यंत थांबले, तर राजाची जोडी सगळ्यांत वरची ठरण्याची शक्यता पासष्ट टक्क्यांवर येते. सातजण असतील तर सत्तेचाळीसवर. पानं तीच, राजे तेच. पण आता त्या जोडीवर पैज लावणं नाणं उडवण्यापेक्षा वाईट झालं. प्रत्येक माणूस नव्वद टक्क्यांचा एकेक गुणाकार घेऊन येतो, आणि नव्वदला नव्वदने गुणत गेलं की संख्या फार लवकर वितळते.

एक्का-राजा-गुलाम ही या जोडीची आणखी फसवी भावंडं. जोडी नाही, काही नाही, पण साध्या पानांतली ही सर्वांत वरची, कारण गुलामाच्या जागी राणी आली तर तो सिक्वेन्स होतो. एका माणसासमोर ही पानं चारात तीनदा जिंकतात. तिघांसमोर एक्केचाळीस टक्के. पाचजणांसमोर तेवीस.

हेही गणित भाबडं आहे, कारण त्यात समोरचे लोक डोळे मिटून बसलेत असं धरलं आहे. खरे लोक पानं बघतात आणि वाईट असली की टाकतात. समजा समोरचा माणूस पानं बघून खेळतो आणि जोडीच्या खाली काही असेल तर पॅक करतो. तो अजून चटईवर आहे, याचाच अर्थ त्याची पानं रांगेच्या वरच्या चतुर्थांशात आहेत. त्या चतुर्थांशात राजाच्या जोडीला मारणारे पाचात दोन निघतात. नव्वद टक्क्यांचे साठ झाले, आणि हातातलं एकही पान बदललं नाही. असे दोघे थांबले असतील, तर जिंकण्याची शक्यता तिनात एकाच्या थोडी वर राहते. चाल वाढत जाते तसतशी आपली पानं तिथेच राहतात आणि समोरची पानं सरासरीने चांगली होत जातात. राजाची जोडी हातात धरून बसलेल्या माणसाला नेमकं हेच दिसत नाही. त्याची नजर राजांवर असते.

दोन पानांचा पोकर

पोकरमध्ये हेच नाटक जास्त बारकाईने चालतं. होल्डेममध्ये हातात दोन पानं, मग मधे तीन पानं एकदम उघडतात, त्याला फ्लॉप म्हणतात, आणि पुढे एकेक करून आणखी दोन. सातांतली उत्तम पाच धरायची. प्रत्येक टप्प्यावर पैसे लावायचे किंवा पानं टाकायची. १,३२६ सुरुवातींतून रंगांचा फरक बाजूला ठेवला तर १६९ प्रकार उरतात, आणि त्यांतले चारपाचच माणसाला खड्ड्यात घालतात.

गुलामाची जोडी घ्या. मोठ्या जोड्यांत चौथी, म्हणजे भरभक्कम. २२१ डावांत सरासरी एकदा येते. फ्लॉपमध्ये राणी, राजा किंवा एक्का यांतलं निदान एक पान पडण्याची शक्यता सत्तावन्न टक्के. म्हणजे निम्म्याहून जास्त वेळा फ्लॉप उघडताच तुमची भक्कम जोडी कुणाच्या तरी एकाच पानाने मागे पडलेली असू शकते. दश्शीच्या जोडीला हाच धोका जवळपास सत्तर टक्के, राणीच्या जोडीला एक्केचाळीस, राजाच्या जोडीला फक्त तेवीस. दश्शी ते राजा, तीनच पायऱ्या, आणि धोका सत्तरवरून तेवीसवर. म्हणून अनुभवी खेळाडू गुलामाची जोडी फ्लॉपच्या आधी जोरात खेळतात. किरकोळ एक्के-राणीवाले तिथेच गळाले की मागून येणारं संकटही गळतं. फ्लॉपवर मोठं पान पडलं आणि दोघे-तिघे अजून टिकून असतील, तर ते ती निमूट सोडूनही देतात.

एक्का-राजा हे पोकरमधलं सर्वांत देखणं आणि सर्वांत बदनाम पान. फ्लॉपमध्ये एक्का किंवा राजा मिळण्याची शक्यता बत्तीस टक्के. तिनांत दोनदा हात रिकामाच. साध्या राणीच्या जोडीसमोर रंग वेगळे असतील तर हे पान त्रेचाळीस-सत्तावन्नने मागे असतं. मग त्याला एवढा मान का? मोजा. समोरच्याकडे एक्क्यांची जोडी असण्याचे एरवी सहा प्रकार असतात. एक एक्का तुमच्याकडे असल्यामुळे तीनच उरतात. राजाच्या जोडीचंही तसंच, सहाचे तीन. ज्या दोन जोड्या तुम्हाला खरोखर चिरडू शकतात, त्या तुमच्याच पानांनी निम्म्या करून टाकल्या. त्यामुळे हे पान पहिल्यांदा पैज वाढवण्यासाठी उत्तम. फ्लॉप कोरडा गेल्यावर दोनतीनजणांच्या मागे फरफटत जाण्यासाठी मात्र वाईट.

एक्का-राणी तर सरळ सापळा. समजा एखादा जपून खेळणारा माणूस चांगलं पान असल्याशिवाय वाढवतच नाही, आणि त्याच्या यादीत एक्के, राजे, राण्या यांच्या जोड्या आणि एक्का-राजा एवढंच आहे. तुमच्या हातात एक्का-राणी असताना त्याच्याकडे असू शकतात असे संच किती? एक्क्यांच्या जोडीचे तीन, राजाच्या सहा, राणीच्या तीन, एक्का-राजाचे बारा. एकूण चोवीस. या चोविसांपैकी तुम्ही किती संचांच्या पुढे आहात? एकाच्याही नाही. हीच पानं बेछूट खेळणाऱ्यासमोर सोनं, आणि जपून खेळणाऱ्यासमोर माती.

आणि सर्वांत वरची, एक्क्यांची जोडी? कोणत्याही एका माणसाच्या कोणत्याही पानांसमोर पंचाऐंशी टक्के. नऊ माणसं शेवटपर्यंत थांबली तर एकतीस. नवांसमोर एकतीस म्हणजे वाटणीच्या तिप्पट, हे खरं. पण दहात सात वेळा हरायची तयारी एक्क्यांची जोडी धरलेल्या माणसाच्या मनात नसते.

आयुष्य किती डावांचं?

अनुभवी लोक म्हणतात, इतकी वर्षं खेळतोय, पानं कळतात आपल्याला. किती डावांचा अनुभव असतो हा?

वर्षाला गणपतीच्या पाच रात्री आणि रात्रीला दीडशे डाव धरू. वर्षाला साडेसातशे. तीन एक्क्यांची ट्रेल ५,५२५ डावांत सरासरी एकदा येते, म्हणजे सातेक वर्षांनी. साठ वर्षं न चुकता बसलेल्या माणसाने ती सरासरी आठदा पाहिलेली असेल, आणि त्या आठही रात्री त्याला तोंडपाठ असतील. पाच पानी पोकरमधला सर्वांत वरचा संच, म्हणजे एकाच रंगाचे दश्शी ते एक्का, ६,४९,७४० डावांत एकदा. याच वेगाने खेळलं तर सरासरी ८६६ वर्षांत एकदा. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’ लिहिली त्या सुमारास चटईवर बसलेल्या माणसाची पाळी आता कुठे येईल.

गुलामाच्या जोडीचा हिशेब तर जास्त बोचरा. वर्षाला तीनचार वेळा येणारी ही जोडी शंभर वेळा हातात यायला तीस वर्षं जातात. आणि शंभर वेळांत नशिबाचा चढउतारच इतका असतो, की एखादं पान शंभरात सत्तावन्नदा जिंकणारं आहे की पन्नासदा, हेही धड ठरवता येत नाही. तीस वर्षांची मेहनत, आणि निष्कर्ष नाही. ‘मला गुलाम लाभत नाहीत’ असं छातीठोक सांगणारा माणूस खोटं बोलत नसतो. त्याचा नमुना लहान असतो, एवढंच.

माणसाच्या आयुष्यात न मावणारं हे मोजण्याचं काम यंत्रांनी करून पाहिलं. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी दोनच खेळाडूंचा, ठरावीक रकमेच्या चालींचा होल्डेम संगणकाकडून जवळजवळ पूर्ण सोडवला आणि जानेवारी २०१५ मध्ये निकाल जाहीर केला. त्या खेळात येऊ शकणाऱ्या स्थिती ३.१६ गुणिले दहाचा सतरावा घात, म्हणजे तीन परार्धांवर. इथे भास्कराचार्यांचा परार्ध अगदी मापात बसला. हजारो संगणक-प्रोसेसर दोन महिन्यांहून अधिक काळ राबले. रकमेची मर्यादा काढून टाकली, तर दोनच माणसांच्या खेळात निर्णयाच्या जागा एकावर १६० शून्यं इतक्या होतात. तो खेळ अजून असा पूर्ण सुटलेला नाही. त्यात माणसांवर मात करणारी यंत्रं झाली आहेत, ही गोष्ट वेगळी.

सावंतवाडीची एकशेवीस पानं

हे सगळं बावन्न पानांचं. कोकणाकडे त्याहून थोरला कॅट होता आणि आहे. सावंतवाडीची दशावतारी गंजिफा. आज सावंतवाडी सिंधुदुर्गात आहे, पण १ मे १९८१ ला तो जिल्हा होईपर्यंत ती रत्नागिरी जिल्ह्यातच होती. लाखकाम केलेली, हाताने रंगवलेली ही गोल पानं. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतारांचे दहा रंग. प्रत्येकात राजा, वजीर आणि एक ते दहा अशी बारा पानं. एकूण १२०. ही कला विझत आली असताना सावंतवाडीच्या भोसले राजघराण्याने, शिवरामराजे आणि राणी सत्वशीलादेवी यांनी, तिला पुन्हा उभं केलं. राजवाड्यात आजही कारागीर पानं रंगवताना दिसतात.

गंजिफा तिघं खेळतात, प्रत्येकाला चाळीस पानं. पाच रंगांत दश्शी मोठी आणि एक्का लहान; उरलेल्या पाचांत नेमकं उलटं. दिवसा डाव असेल तर राम ज्याच्याकडे तो सुरुवात करतो, रात्री असेल तर कृष्ण ज्याच्याकडे तो. ‘फसवं पान’ म्हणजे काय ते यापेक्षा सरळ कुठे दिसणार? तोच एक्का एका रंगात राजा-वजिरानंतरचा, दुसऱ्या रंगात तळाचा.

आता आकडे. चाळीस पानांचे संच किती? ३३ अंकी संख्या. सेकंदाला एक या आपल्या जुन्या हिशेबाने मांडायला बसलं, तर विश्वाचं आजवरचं वय अडीच जलधी वेळा उलटून जाईल. जलधी म्हणजे एकावर चौदा शून्यं. आणि एकशेवीस पानांचे सगळे क्रम लावायचे तर संख्या होते १९९ अंकी. दृश्य विश्वातल्या अणूंची संख्या ८१ अंकांच्या आसपास धरतात. सावंतवाडीच्या एका गोल पानांच्या डबीपुढे विश्व अपुरं पडतं.

पैशांचा प्रश्न

इथवर जे सांगितलं ते मोजण्याचं शास्त्र आहे, कमाईचं नव्हे. पैसे लावून पत्ते खेळण्याला आपल्याकडे १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा लागू होतो, आणि गणपतीत पडणाऱ्या छाप्यांच्या बातम्या दरवर्षी वर्तमानपत्रांत येतात. रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये म्हटलं, आणि पुढे ऑनलाइन कंपन्यांनी त्या वाक्यावर मोठे इमले उभारले. २०२५ च्या केंद्रीय कायद्याने ऑनलाइन पैशांच्या खेळांसाठी कौशल्य की नशीब हा भेदच पुसला आणि ते बंद केले. राष्ट्रपतींची संमती २२ ऑगस्टला मिळाली, पाच दिवसांनी गणपती बसले. पणजीला मांडवीत उभ्या असलेल्या कसिनोंना गोव्याचा वेगळा कायदा आहे. तिथे आकडेमोड तुमच्यापेक्षा कसिनोच्या मालकाने जास्त नीट केलेली असते.

तेव्हा खेळायचं तर चिंचोक्यांवर किंवा काजूच्या बियांवर खेळावं, आणि एकदा तरी मोजून पाहावं. गणितज्ञ रँग्लर परांजपे रत्नागिरी जिल्ह्यातल्याच मुर्डीचे. आपल्याला गुणाकाराचं भय वाटायचं कारण नाही. एका रात्री नीट पिसून तीन-तीन पानांचे शंभर संच उघडे वाटा आणि कागदावर रेघा मारा. चौऱ्याहत्तरच्या आसपास काहीच नसलेले निघतील, सतराच्या आसपास जोड्या, पाचेक कलर, तीनचार सिक्वेन्स. ट्रेल बहुधा एकही नाही. हा कागद पडवीच्या भिंतीला लावून ठेवा. मग पुढच्या वेळी राजाची जोडी हातात आली, की आधी चटईवरची माणसं मोजा, त्यांतली किती पानं बघून थांबली आहेत ते मोजा, आणि मगच चाल करा.